काडतुसाची वळलेली कड

जुन्या वाड्यांतील दप्तरें धुंडाळणाऱ्यांच्या हातीं केवळ कागदच लागतात असें नाहीं. रुमालांच्या फडताळाखालीं, अडगळीच्या पेटींत किंवा माळ्यावर लोखंड-पितळेचीं लहानसहान साधनेंहि सांपडतात, आणि त्यांचा उपयोग सांगणारें माणूस बहुधा घरांत उरलेलें नसतें. त्यांपैकीं एक साधन असें: मेजाच्या कडेस पेंचानें घट्ट बसवावयाचा लोखंडी सांचा, एका बाजूस फिरवावयाची मूठ, दुसऱ्या बाजूस दाबावयाचा दांडा, आणि मध्यें अंगठ्याएवढें नळकांडें बसेल इतकी जागा. कॉफी दळण्याचें यंत्र म्हणून अशा वस्तूची वासलात लावली जाणें अगदीं स्वाभाविक आहे. वास्तविक तें बंदुकीच्या कागदी काडतुसाचें तोंड बंद करण्याचें, म्हणजे त्याची कड आंत वळविण्याचें यंत्र होय. ही कड कशी व कां वळवीत, ती पुढें कां मागें पडली, आणि ती पाहून वस्तूचा व कधीं कधीं कागदाचाहि काळ कसा ठरवितां येतो, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शस्त्रसंग्राहक तरवारीच्या पोलादाविषयीं पुष्कळ लिहितात. काडतुसाकडे मात्र कोणी वळत नाहीं, कारण तें कागदाचें असतें आणि आपलें काम करतांना जळून जातें.

हें टिपण शहाडाच्या अनुरोधानें लिहिण्यास कारण आहे. कल्याणाहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील हें पहिलें स्थानक, उल्हास नदीच्या कांठीं. शेजारीं दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत लष्कराची मोठी छावणी पडली होती. ‘कल्याण कॅम्प’ म्हणून ती ओळखली जाई, व फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाल्यावर 1949 सालीं तिचें नांव उल्हासनगर झालें. शहाडास पुढें सेंच्युरी रेयॉनचा कृत्रिम रेशमाचा कारखाना निघाला. अंबरनाथ येथें त्यापूर्वींच, 1920 च्या दशकांत, विमकोचा आगपेट्यांचा कारखाना उभा राहिला होता, व 1953 सालीं तेथेंच सरकारी आयुध कारखाना सुरू झाला, ज्यांत काडतुसांच्या पुंगळ्यांसाठीं पितळेच्या वाट्या ओतून व दाबून तयार होतात. म्हणजे तीन-चार कोसांच्या टापूंत पितळ आहे, घर्षणानें पेट घेणाऱ्या मसाल्याचा उद्योग होता, आणि लांकडाच्या लगद्यांतून निघणारें तंतुद्रव्यहि आहे. हें तंतुद्रव्य कागदाचें मूळ. तेंच नायट्रिक आम्लानें संस्कारिलें कीं बिनधुराची दारू होते. फ्रान्सांतील शार्दोने यानें 1884 च्या सुमारास काढलेलें पहिलें कृत्रिम रेशीम याच ज्वालाग्राही जातीचें होतें. शहाडचें रेशीम निराळ्या रीतीनें होतें व त्यांत स्फोटक असें कांहीं नसतें, हें शेजाऱ्यांच्या समाधानासाठीं सांगून ठेवणें बरें. काडतूस हा पदार्थ ज्या द्रव्यांचा बनतो त्यांची इतकी जवळीक दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

प्रथम शब्दाविषयीं. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तूश’ यावरून आपल्या भाषेंत आला याविषयीं मतभेद नाहीं. त्या शब्दाचें मूळ इताल्यन ‘कार्तोच्च्यो’, व त्याचेंहि मूळ ‘कार्ता’ म्हणजे कागद. कार्तोच्च्यो म्हणजे वाण्याच्या दुकानांत जिरेंमोहरी बांधून देतात तसला कागदाचा गुंडाळा. फ्रेंच ‘कार्तूश’, इंग्रजी ‘कार्ट्रिज’ व हिंदुस्तानी ‘कारतूस’ हीं सर्व एकाच गोत्राचीं. सारांश, काडतूस या शब्दाच्या पोटांत पितळ नाहीं, कागद आहे. उत्तर कोंकणांत पोर्तुगीजांचा अंमल वसईस 1534 पासून 1739 पर्यंत होता, आणि गोव्यांत तर तो 1961 पर्यंत टिकला. तेव्हां हा शब्द किनाऱ्यावरून घाट चढून देशावर गेला असावा असें मानण्यास हरकत दिसत नाहीं.

ही व्युत्पत्ति केवळ कौतुकाची नव्हे. तिच्यावर कागदांचा खरेखोटेपणा अवलंबून राहूं शकतो. आज ‘काडतूस’ म्हटलें कीं डोळ्यांपुढें पितळी बुडाची, मागून भरावयाची वस्तु उभी राहते, आणि ही वस्तु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीं आपल्याकडे नव्हती. त्यावरून, एखाद्या पेशवेकालीन यादींत किंवा पत्रांत ‘काडतुसें’ हा शब्द आला म्हणून तो कागद मागाहून रचलेला ठरविण्याचा मोह होतो. असा निर्णय सर्वथा चुकीचा होईल. कागदी काडतूस युरोपांत सोळाव्या शतकापासून माहीत होतें, व अठराव्या शतकांत कवायती पायदळाचें तें नित्याचें साधन झालें. इब्राहिमखानाच्या गारद्यांपासून महादजी शिंद्यांच्या पदरच्या द बॉयन् याच्या पलटणींपर्यंत जे जे चकमकीच्या बंदुकांनीं युरोपीय पद्धतीची कवायत शिकले त्यांच्या कंबरेच्या तोसदानांत कागदी काडतुसेंच असणार; त्यावांचून ती जलद बाराची कवायतच होत नाहीं. तेव्हां ‘काडतूस’ शब्दानें कागद उत्तरकालीन ठरत नाहीं. उलट ‘केप’ अथवा ‘टोपी’ यांचा उल्लेख असेल तर मात्र सावध व्हावें. आघातानें पेट घेणाऱ्या मसाल्याचें एकस्व स्कॉटलंडांतील धर्मोपदेशक फॉर्साइथ यानें 1807 सालीं घेतलें, तांब्याची टोपी त्यानंतर आली, व कंपनी सरकारच्या फौजेंत चकमकीच्या जागीं टोपीच्या बंदुका 1840 च्या दशकांत रूढ झाल्या. आणि ‘ठासणीची’ व ‘काडतुसी’ असा बंदुकींचा भेद जेथें केलेला दिसेल तो कागद 1860 च्या फारसा पलीकडे नेतां येणार नाहीं. पूर्वींच्या काळीं हा भेद अर्थशून्य होता, कारण काडतूस असलें तरी तें ठासूनच भरावें लागे.

त्या जुन्या काडतुसाची रचना अशी. लांकडाच्या गुल्लीवर कागद गुंडाळावा, एका टोंकास शिशाची गोळी घालून दोऱ्यानें आंवळावें, वरून एका बारास पुरेल इतकी दारू घालावी आणि दुसरें टोंक मुडपून शेपटासारखें ठेवावें. शिपायानें तें शेपूट दांतांनीं तोडावें, थोडी दारू रंजकाच्या कानांत टाकावी, उरलेली नळींत ओतावी, आणि गोळी कागदासकट गजानें ठासावी. कागदाचा बोळा गोळीस जागेवर धरी. तोडेदार बंदुकीच्या काळीं शिंगड्यांतून दारू मापून घ्यावी लागे किंवा युरोपीय शिपाई करीत त्याप्रमाणें लांकडी कुप्यांची माळ छातीवर अडकवावी लागे. तो सर्व खटाटोप या कागदाच्या घडीनें वांचला. येथेंच लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, या काडतुसाचें तोंड केवळ मुडपलेलें असे, वळलेलें नसे. घडी उलगडावयाचीच होती, मग ती पक्की कशाला करा?

इतका कागद येई कोठून हा प्रश्न दप्तरें जमविणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा आहे, कारण युद्धकाळीं काडतुसाचा कागद म्हणजे हातीं लागेल तो कागद. अमेरिकेंतील स्वातंत्र्ययुद्धाच्या वेळीं जर्मनटाउन येथील क्रिस्टोफर सॉअर याच्या छापखान्यांत जर्मन बायबलाची 1776 ची आवृत्ति बांधणीवांचून पडलेली होती. तिचे छापील ताव सैन्यानें काडतुसांसाठीं वापरले, आणि म्हणून ती आवृत्ति ग्रंथसंग्राहकांत ‘बंदुकीच्या बोळ्याचें बायबल’ या नांवानेंच ओळखली जाते. आपल्याकडे दप्तरें वाण्याच्या पुड्यांत गेलीं म्हणून आपण हळहळतों. बंदुकीच्या नळींतून गेलेल्या कागदांची हळहळ करावयास पुडीसुद्धां मागें राहत नाहीं.

काडतुसाच्या कागदानें राज्य हादरलें तो प्रसंग 1857 चा. एनफील्ड बंदुकीच्या काडतुसास लाविलेल्या चरबीचें प्रकरण सर्वविश्रुत आहे, त्याची पुनरुक्ति येथें नको. वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवृत्तांतांतहि (तो चिंतामण विनायक वैद्य यांनीं 1907 सालीं प्रसिद्ध केला) या काडतुसांच्या वार्तेस स्थान आहे. परंतु एक बारकावा सहसा सांगितला जात नाहीं. फेब्रुवारी 1857 मध्यें बहरामपूर येथील 19 व्या पलटणीनें जीं काडतुसें घेण्याचें नाकारलें तीं एनफील्डचीं नव्हतींच. नेहमींच्या जुन्या बंदुकीचीं होतीं. संशय चरबीचा आला तो कागदावरून. त्या गठ्ठ्यांत कागदाच्या दोन छटा दिसल्या आणि नव्या कागदाची तकाकी शिपायांस तेलकट भासली. कागद हाताळण्याची ज्यांस संवय आहे त्यांस या भयाचें मर्म चटकन् कळेल: खळ व घोटाई यांनीं आलेली तकाकी आणि स्निग्धतेनें आलेली तकाकी नुसत्या डोळ्यांनीं वेगळी काढणें सोपें नाहीं. अधिकाऱ्यांनीं दांतांनीं तोडण्याऐवजीं हातानें फाडण्याची मुभा दिली, पण तोंपर्यंत वेळ टळून गेली होती.

एवढें प्रास्ताविक झाल्यावर आपण वळलेल्या कडेकडे वळूं. पॅरिस येथील बंदूकवाला लफोशो यानें 1830 च्या दशकांत मागून उघडणारी शिकारी बंदूक प्रचारांत आणली. तिच्या काडतुसाची पुंगळी जाड कागदाची, बूड पितळेचें, आणि बुडाच्या बाजूस एक खिळा बाहेर आलेला असे. घोडा त्या खिळ्यावर आपटे. ज्या दुनळीच्या नळ्यांच्या मागील कडेस वरून बारीक खांच असेल ती या खिळ्याच्या काडतुसाची बंदूक समजावी. पुढें खिळा जाऊन टोपी बुडाच्या मध्यभागीं आली. लंडनच्या डॉ नांवाच्या बंदूकवाल्यानें 1861 सालीं तें काडतूस इंग्लंडांत आणलें, आणि तेव्हांपासून आजतागायत छर्ऱ्याच्या काडतुसाची मूळ घडण बदललेली नाहीं. बुडाशीं टोपी, तिच्यावर दारू, दारूवर पुठ्ठ्याची चकती, त्यावर नमद्याचा जाड बोळा, मग छर्रे, आणि सर्वांत वर पातळ पुठ्ठ्याची झांकण-चकती.

आतां ही झांकण-चकती जाग्यावर राहावी कशी? पूर्वींप्रमाणें कागद मुडपून भागत नाहीं, कारण हें काडतूस उलगडावयाचें नसून जसेंच्या तसें बंदुकींत घालावयाचें असतें, आणि जोडनळींत एक बार उडाल्याच्या हिसक्यानें दुसऱ्या नळींतील छर्रे सांडतां कामा नयेत. यास्तव चकतीच्या वर पुंगळीची सुमारें पांच-सहा मिलिमीटर कड मोकळी ठेवीत व ती आंतल्या बाजूस गोल वळवून चकतीवर दाबीत. आरंभीं सांगितलेलें यंत्र याच कामाचें. भरलेली पुंगळी सांच्यांत बसवावयाची, दांड्यानें तिचें तोंड एका खोलगट पोलादी टोपणांत रेटावयाचें आणि मूठ फिरवावयाची. टोपणाच्या आंतील खिळ्यांशीं कागदाची कड घासते, घर्षणानें तापते, कागदांतील मेण मऊ होतें, आणि कड करंजीच्या मुरडीसारखी आंत वळून तशीच थिजते. चांगली वळलेली कड गुळगुळीत, तकतकीत, एकसारख्या गोलाईची असते. घाईनें फिरविली तर ती चुरगळते व चकती तिरकी बसते. हें हाताचें काम होतें आणि त्यांत हात दिसतो. कारखान्याच्या काडतुसाची कड सर्वत्र सारखी; घरीं भरलेल्याची प्रत्येकाची निराळी. लेखकाचें वळण ओळखणाऱ्या आपल्या वाचकांस हा भेद समजावून सांगण्याची गरज नाहीं.

ही कड शोभेची नव्हती, हें मुद्दाम नमूद करावयास पाहिजे. दारू पेटल्यावर ती पुरती जळेपर्यंत कांहीं क्षणांश छर्रे जागीं धरून ठेवणें हें तिचें काम. कड सैल असेल तर बार दुबळा निघतो, फार घट्ट असेल तर दाब वाढतो. काळ्या दारूस हा फरक फारसा बाधत नसे. बिनधुराच्या दारूस मात्र तो फार बाधतो. लांकडापासून केलेली शुल्झे दारू 1860 च्या दशकांतली, तिच्यामागून 1882 ची ‘ई. सी.’ दारू, या दारवा शिकाऱ्यांत रुळल्या तेव्हां कड नीट वळविण्यास एकाएकीं महत्त्व आलें. ग्रीनर याचा बंदुकीवरील ग्रंथ (1881) व त्यानंतर मेजर बरार्ड याचा ‘मॉडर्न शॉटगन’ (1931-32) हे या विषयावरील आधारग्रंथ होत.

घरीं काडतुसें भरण्याचीं साधनें इंग्लंडांतून येत. शेफील्डच्या जेम्स डिक्सन व हॉक्स्ली या कारखान्यांचीं नांवें अशा वस्तूंवर कोरलेलीं दिसतील: उडालेली टोपी काढून नवी बसविण्याची चिमट्यासारखी कळ, दारूचें व छर्ऱ्यांचें जोडमाप, बोळा सरळ उतरविण्याची पितळी नळी व लांकडी दट्ट्या, पुठ्ठ्याच्या चकत्या पाडण्याचा पोलादी सुंबा, आणि कड वळविण्याचें यंत्र. घरीं भरण्याचीं कारणें साधीं होतीं. विकत घेतलेलें काडतूस महाग, आणि गांव शहरापासून दूर. शिवाय पाणलाव्यास बारीक छर्रा व रानडुकरास जाड, अशी निवड हाताशीं राही. दुसरें कारण आपल्या हवेचें. कोंकणच्या पावसाळ्यांत कागदी पुंगळी ओल पिऊन फुगते आणि नळींत शिरेनाशी होते, किंवा शिरली तर निघेनाशी होते. त्यावर ‘पेगामॉइड’ नांवाच्या जलरोधक कागदाच्या पुंगळ्या ईली कंपनीनें काढल्या होत्या, आणि कित्येक शिकारी पातळ पितळेच्या संपूर्ण धातूच्या पुंगळ्या पसंत करीत. पितळी पुंगळीची कड वळत नाहीं. तींत झांकण-चकती किंचित् मोठी घालून मेणानें किंवा लाखेनें चिकटवीत. पितळी पुंगळीच्या तोंडाशीं लाखेचे अवशेष दिसले तर तें घरचें काम समजावें.

आंखूड काडतुसाचें प्रकरण येथून सुरू होतें. कागदी पुंगळी एकदां उडाली कीं तिचें तोंड फुलतें, कड करपते, तंतु सुटतात. पुन्हा भरावयाची तर तेवढा भाग कापून टाकणें आलें. दर खेपेस दोन-तीन मिलिमीटर गेले कीं दोन-तीन पुनर्जन्मांत पुंगळी ठेंगणी होते, आणि तींत बोळा कमी जाडीचा घालावा लागतो. अशी ठेंगणी पुंगळी मूळच्या लांबीच्या बंदुकींत घातली तर छर्रे थोडें अंतर मोकळ्या जागेंतून उडी घेतात, बार कांहींसा फुसका होतो, परंतु बंदुकीस सहसा अपाय नसतो. उलट प्रकार मात्र घातक आहे, व जुन्या बंदुका बाळगणाऱ्यांनीं तो समजून घेतला पाहिजे.

बारा बोरची नळी म्हणजे एका पौंड शिशाच्या बारा समान गोळ्या केल्या असतां त्यांतील एक जींत बरोबर बसेल अशी नळी. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. नळीच्या मागील भागांत काडतूस बसण्याची रुंद जागा असते, तिला आपण कोठी म्हणूं. कोठीपुढें नळी निमुळती होत जाते. जुन्या इंग्रजी बंदुकांची कोठी अडीच इंच, म्हणजे बाजारी भाषेंत 65 मिलिमीटर. 1930 च्या सुमाराच्या कांहीं हलक्या बंदुकांची तर दोनच इंच. अर्वाचीन काडतूस 70 मिलिमीटरचें. यांतली मेख अशी कीं, काडतुसाची लांबी तोंड उलगडलेल्या पुंगळीवरून मोजतात, भरलेल्यावरून नव्हे. कड वळलेलें 70 चें काडतूस भरलेल्या स्थितींत 64-65 भरतें. पण चुण्या घालून तोंड मिटलेलें 70 चें काडतूस 58-59 च भरतें. अर्थात् तें अडीच इंची कोठींत बिनतक्रार बसतें, आणि बसलें म्हणून माणूस निर्धास्त होतो. बार उडतांना तोंड उलगडतें, कोठीपुढील निमुळत्या भागांत शिरतें, छर्ऱ्यांची वाट आंवळतें, आणि दाब बेसुमार वाढतो. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडविलेल्या, जौहरदार दिसणाऱ्या जुन्या ‘दमास्कस’ नळ्यांस हा दाब सोसतोच असें नाहीं.

हा चुण्यांच्या तोंडाचा प्रकार अमेरिकेंत 1940 च्या सुमारास रूढ झाला. पुंगळीचें तोंड सहा किंवा आठ चुण्यांनीं पाकळ्यांसारखें मध्यें मिटवावयाचें, झांकण-चकती नकोच. कारण असें दिलें जाई कीं चकती छर्ऱ्यांच्या वाटेंत येऊन त्यांचा विखार बिघडविते. त्यासाठीं दहा-बारा मिलिमीटर पुंगळी खर्ची पडते. 1960 नंतर कागदाच्या जागीं प्लॅस्टिक आलें आणि चुण्यांचाच सर्वत्र जम बसला. वळलेली कड मागें पडली. परंतु ती नाहींशी झाली नाहीं. पाश्चात्य देशांत, जेथें कायदा परवानगी देतो तेथें, जुन्या आंखूड कोठीच्या बंदुकांचे शौकीन उडालेल्या लांब पुंगळीचा चुण्या पडून फाटलेला भाग कापून टाकतात. मग उरते ती पुंगळी इतकी ठेंगणी कीं चुण्यांस पुरेसा कागद अथवा प्लॅस्टिक शिल्लक नसतो. वळलेली कड हा एकच मार्ग राहतो. म्हणजे जी रीत पणजोबांच्या काटकसरीनें आणली होती तीच पणजोबांच्या बंदुकीच्या बचावासाठीं पुन्हा आली.

आपल्या प्रांतांत पितळी-कागदी काडतुसाचें कारखानी कुल मुख्यत्वें खडकीचें. तेथील दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालीं स्थापन झाला. बारा बोरचीं ‘शक्तिमान’ काडतुसें तेथलींच, व बुडावरील ‘के एफ’ हीं अक्षरें त्याच कारखान्याचीं. वरणगांवचा कारखाना 1964 चा. त्यापूर्वींचीं शिकारी काडतुसें बहुतेक विलायती: बुडावर ईली-लंडन किंवा किनॉक-बर्मिंगहॅम असेल तर तीं बरींच जुनीं असूं शकतात, ‘आय सी आय’ हीं अक्षरें असतील तर 1926 पूर्वींचीं नव्हेत, कारण ती संयुक्त कंपनीच त्या सालची. मात्र बुडावरून केवळ पुंगळीचा जन्म कळतो, शेवटचा भरणा नव्हे. शेवटचा भरणा तोंडावरून व टोपीवरून ओळखावा. बुडाच्या कांठावर ओढणीचे दोन निराळे ओरखडे, टोपीभोंवती सुंब्याची खूण, पुंगळी मूळ मापाहून तोकडी आणि कड हातवळणाची, इतकें जमलें तर ती पुंगळी घरीं पुन्हा भरलेली यांत शंका नको. नळ्यांच्या बाबतींत, त्यांच्या पोटाखालीं पाहावें. इंग्लंडांतील परीक्षालयांचे, म्हणजे लंडन व बर्मिंगहॅम येथील, ठसे तेथें असतात. ‘नॉट फॉर बॉल’ असा ठसा 1875 ते 1887 या अवधींतला. ‘नायट्रो प्रूफ’ असा स्पष्ट लेख नसेल तर ती नळी काळ्या दारूपुरतीच तपासलेली समजावी.

कायद्याची हकीकत थोडक्यांत. 1857 नंतरच्या निःशस्त्रीकरणाची परिणति लॉर्ड लिटनच्या 1878 च्या हत्यारांच्या कायद्यांत झाली. त्यानें एतद्देशीयांस परवाना अवश्य ठरविला व युरोपियनांस मोकळें ठेवलें. त्या काळचे परवाने हे उपेक्षित पण फार उपयुक्त कागद आहेत, कारण हत्याराच्या वर्णनाबरोबर दारूगोळ्याचें प्रमाणहि त्यांत नोंदलेलें असे. ठासणीची बंदूक कीं काडतुसी, हें त्यावरून घराघरापुरतें कळतें. परवाना रद्द झाला म्हणून तो फाडणारीं घराणीं पुष्कळ. आजचा कायदा 1959 चा, अंमल 1 ऑक्टोबर 1962 पासून. त्याच्या पांचव्या कलमानें दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो, आणि सहाव्या कलमानें बंदुकीची नळी आंखूड करण्यासहि. तेव्हां नळी तोकडी करा अथवा काडतूस, दोन्ही ठिकाणीं सरकारचा हात आडवा आहे. शिकारीचा भाग 1972 च्या वन्यजीव संरक्षणाच्या कायद्यानें संपल्यातच जमा झाला. कोंकणांत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर अजून बंदुका आहेत, त्यांत ठासणीच्याहि आहेत. घरोघरीं कड वळविण्याचीं यंत्रें मात्र आतां निकामी पडून आहेत. दारूचीं व छर्ऱ्यांचीं मापें या लेखांत दिलीं नाहींत तीं बुद्ध्याच. जुन्या जोडमापावरील आंकडे काळ्या दारूचे असतात, ते बिनधुराच्या दारूस लावल्यानें नळ्या फुटल्याचे प्रकार इंग्रजी ग्रंथांतून नमूद आहेत.

संग्राहकांस शेवटची सूचना झांकण-चकतीविषयीं. भरलेलें जुनें काडतूस सांपडल्यास तें उघडूं नये, तापवूं नये, शोभेच्या कपाटांतहि ठेवूं नये. पोलिसांस कळवून त्यांच्या स्वाधीन करावें. पण रिकाम्या पुंगळ्यांच्या पेटींत सुट्या चकत्यांची पुडी बहुधा असते, ती झाडून टाकूं नये. कारखान्याच्या चकतीवर छर्ऱ्याचा अंक छापलेला असतो. घरीं पाडलेली चकती हातीं येईल त्या पुठ्ठ्याची असे: जुन्या वहीचें पुठ्ठें, निमंत्रणपत्रिका, औषधाच्या खोक्याचा तुकडा. तिच्या एका अंगास शाईनें लिहिलेला छर्ऱ्याचा अंक मिळेल, आणि उलट अंगास, साडेअठरा मिलिमीटरच्या वर्तुळांत, कापला गेलेला अर्धामुर्धा मजकूर.